भाड्याचा टेलकोट

हेइनीचं पत्र नऊ वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर द्यायचं नाही असं मी कधीच ठरवलं नव्हतं. पहिला महिनाभर शब्द सापडले नाहीत. वर्ष उलटल्यावर तोंड राहिलं नाही. पुढे पुढे तर चष्म्यासाठी खण उघडतानाही मी नजर दुसरीकडे ठेवू लागलो. पत्र एका पानाचंच होतं आणि शेवटी तिने लिहिलं होतं, 'काका, बाबांच्या जागी बस असं मी तुला म्हटलं, ते तुला लागलं का? मला ते सुचायलाच नको होतं. माफ कर.'

माफी तिने मागितली होती. मी नाही.

हेइनी माझ्या धाकट्या भावाची, रेइनोची मुलगी. रेइनो आमच्या गावच्या कागदाच्या गिरणीत होता आणि मी तिथल्याच वाचनालयात. शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीमागे जमिनीवर बसून वाचत राहायची. कुलूप लावलं की मी तिला घरी पोचवायचो. वाटेत आम्ही फारसं बोलत नसू. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. रेइनो गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. पुढे ती ताम्पेरेला विद्यापीठात गेली, आणि बऱ्याच वर्षांनी तिचा प्रबंध पुरा झाला तेव्हा तिने मला फोन केला.

डॉक्टरेटच्या प्रबंधावर जाहीर चर्चा झाली की संध्याकाळी जेवण असतं; ते नदीकाठच्या एका हॉटेलात होतं. आमच्याकडे या जेवणाची एक रीत आहे. नवी डॉक्टर उठून एकेकाचे आभार मानते, आधी परीक्षकांचे, मग प्राध्यापकांचे, मग बाकीच्यांचे. ज्यांचे आभार मानले त्यांनी नंतर त्याच क्रमाने उठून दोन शब्द बोलायचे. क्रम कोणी मोडत नाही. हेइनी म्हणाली की शेवटचं नाव माझं असेल, बाबांच्या जागी. मी घाबरलो हे तिला फोनवरही कळलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "दोनच वाक्यं बोल. आणि कपड्यांचा घोळ घालू नकोस. तुझा काळा सूट आहे ना, तो पुरे."

तो काळा सूट मी रेइनोच्या अंत्यविधीसाठी घेतला होता आणि त्यानंतर आणखी तीन अंत्यविधींना घातला होता. त्याच्या कोपरांवर चकाकी आली होती. मला वाटलं, माझी ऐपत आणि माझं ध्यान बघूनच ती तसं म्हणाली. मग मी नेहमी करतो तेच केलं. माणसाला विचारायचं सोडून पुस्तक उघडलं. वाचनालयात रीतीभातींचं एक जुनं पुस्तक होतं, गेल्या कित्येक वर्षांत कोणी नेलेलं नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की अशा प्रसंगी पुरुषाने मागे लांब शेपट्या असलेला टेलकोट घालावा, आत काळं जाकीट, पांढरा बो. शेवटच्या पानावरचं छपाईचं वर्षही मी वाचलं होतं. माझ्या जन्माआधीचं होतं ते.

ताम्पेरेला स्टेशनाजवळ भाड्याने कपडे देणारं दुकान होतं. माप घेणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. पहिला कोट पोटावर बसेना, दुसऱ्याच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या. मी दोनदा म्हणालो, राहू द्या. त्या ऐकेनात. तिसरा कोट त्यांनी मागून अंगावर चढवला, खांदे चेपले, आणि माझ्या पाठीवर हळूच थाप मारली.

"वाकू नका हो. सगळं आयुष्य टेबलावर वाकून काढलंत वाटतं?"

मी सरळ उभा राहिलो आणि आरशात पाहिलं. त्या कोटाने माझं पोट झाकलं होतं आणि मला खांदे दिले होते. मी उंच दिसत होतो. कोणीतरी प्राध्यापक किंवा राजदूत असावा, आणि त्याने ओळखीचं म्हणून माझ्याकडे पाहावं, तसं वाटलं. सदुसष्ट वर्षांत आरशातल्या माणसाकडे दुसऱ्यांदा बघावंसं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी वळून पाठही पाहिली.

बाईंनी विचारलं, लग्न आहे का, आणि असलं तर तुमचंच का. मी गंभीरपणे सांगितलं, पुतणीच्या प्रबंधाचं जेवण आहे. त्यांनी टाचण्या ओठांतून काढल्या.

"हल्ली घालतात का हो तिथे एवढं?"

"नियम आहे," मी म्हणालो.

आयुष्यात मी कोणाला असं ठणकावून सांगितलेलं नाही. सांगितलं तेही चुकीचं.

जेवणाच्या दिवशी दुपारी विद्यापीठात तिच्या प्रबंधावरची जाहीर चर्चा झाली, पण ती इंग्रजीत होती आणि कोट त्याच वेळी मिळणार होता, म्हणून मी गेलो नाही. गेलो असतो तर सगळं कळलं असतं. सहा वाजता मी हॉटेलासमोर पोचलो. नोव्हेंबर होता, रस्ता काळोखा आणि आतले दिवे लख्ख. काचेतून सगळं दिसत होतं. तीसेक माणसं होती, साध्या गडद सुटांत. प्राध्यापकांचा तर राखाडी कोट होता आणि टायही नव्हता. माझी बहीण हिल्का तिचं नेहमीचं तपकिरी स्वेटर घालून बसली होती. हेइनीने साधा काळा झगा घातला होता आणि ती हसत होती. हिल्काच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

त्या खोलीत सर्वांत नटलेला माणूस मी ठरणार होतो. हेइनीच्या संध्याकाळी. आणि त्याहून वाईट म्हणजे, दुकानातल्या आरशात मी स्वतःला आवडलो होतो हे सगळ्यांना दिसेल असं मला वाटलं.

फक्त आत जायचं होतं. ती हसली असती, मिठी मारली असती, पाच मिनिटांत सगळे विसरले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. मी ओव्हरकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि बसस्टँडकडे चालू लागलो. तिथून हिल्काला फोन करून सांगितलं की ताप आहे, घरीच आहे. बसमध्ये कोटाच्या शेपट्या चुरगळू नयेत म्हणून मी त्या पुढे घेऊन मांडीवर धरून बसलो.

आत काय झालं ते हिल्काने नंतर सांगितलं. तापाचं कळूनही हेइनीने शेवटी माझं नाव घेतलं, वाचनालयातल्या त्या दुपारांबद्दल सांगितलं. मग उत्तरं सुरू झाली. परीक्षक बोलले, प्राध्यापक बोलले, मैत्रीण बोलली. माझी पाळी आली तेव्हा सगळे गप्प झाले. परीक्षक परगावचे होते, ते इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी हिल्का उठली आणि कॉफी थंड होईल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेइनीने चारदा फोन केला. मी कोट परत करायला गेलो होतो, आणि परत आल्यावरही तिला उलट फोन केला नाही. आठवड्याने पत्र आलं.

तिला खरं लिहायचं तर एवढंच होतं की मी कपड्यांना लाजलो. तिने माझ्या मौनासाठी केवढं मोठं कारण शोधलं होतं, तिच्या वडिलांचं. माझं कारण इतकं क्षुल्लक होतं की ते लिहायची मला लाज वाटली, आणि मी तिला तिचंच कारण बाळगू दिलं.

या एप्रिलमध्ये हिल्काला ऐंशीव्या वाढदिवसासाठी पोशाख घ्यायचा होता. मी पर्स धरायला गेलो. हिल्का निळा झगा घालून पडद्याबाहेर आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि दुकानातल्या सगळ्यांनाच विचारलं, कशी दिसते. एक अनोळखी बाई म्हणाली, छान, पण पोट दिसतं. हिल्का म्हणाली, तीन मुलांचं आहे, दिसू दे. मला तिचा हेवा वाटला.

आरशासमोर गळ्याची पट्टी नीट करत ती म्हणाली, "हेइनी येणार नाहीये."

"का?"

"तू असशील म्हणून. मला म्हणाली, तोइमीकाकाला अवघडल्यासारखं होईल, त्याच्या बहिणीचा दिवस कशाला खराब करू. दर नाताळला विचारते मला, काका अजून रागावलाय का."

मी पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिथेच, टोप्यांच्या मांडणीजवळ, तिला सगळं सांगितलं. टेलकोट, पुस्तक, काच, बस. हिल्का आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग झग्याची बाही डोळ्यांना लावता लावता थांबली, कारण तो अजून विकत घेतलेला नव्हता.

"म्हणजे तू दारात उभा होतास," ती म्हणाली. "आणि मी तिथे कॉफीबद्दल बोलत होते."

"हो."

"नऊ वर्षं, तोइमी."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. झगा घेतला, बाहेर आलो, वेलदोड्याचा पाव खाल्ला. निघताना तिने फक्त हेइनीचा नवा पत्ता एका पावतीमागे लिहून दिला.

घरी मी तीन दिवस लिहीत होतो. पहिला मसुदा सात पानांचा झाला. त्यात मी इतका केविलवाणा होतो की वाचणाऱ्याने माझीच समजूत काढावी. दुसऱ्यात विनोद होते. दोन्ही फाडले. तिसरा अर्ध्या पानाचा झाला.

'हेइनी, तू मला काहीही लागेल असं बोलली नव्हतीस. मी दारापर्यंत आलो होतो. मी चुकीचे, फार भारी कपडे घातले होते आणि मला आत यायची लाज वाटली. तापाचं खोटं होतं. तुझ्या बाबांच्या जागी बसायला मिळणार म्हणून मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो, आनंदाने. हिल्काच्या वाढदिवसाला ये. तुला मी तिथे नको असेन तर तसं कळव, मी येणार नाही आणि रागावणारही नाही. माफी मी मागायची होती. तोइमीकाका.'

आमच्या भागात आता एकच टपालपेटी उरली आहे, किराणा दुकानाच्या भिंतीवर. मी सकाळी चालत गेलो. पाकिटावरचा पत्ता पावतीशी पुन्हा एकदा ताडून पाहिला, घरक्रमांकसुद्धा. एक बाई मागे पाकीट घेऊन थांबली होती. मी तिला आधी जाऊ दिलं. तिने टाकलं आणि गेली. मग मी माझं टाकलं.