हीलरचा रकाना

कळफलकावरचं ‘क्यू’ जवळपास पुसलं गेलं होतं, नुसती शेपटी उरली होती, आणि कृष्णात तिच्यावरून अंगठा फिरवत होता... कशासाठी असं नाही, नुसता चाळा. शेजारची अक्षरं नव्यासारखी. हे एकटंच सहा वर्षं मार खात आलेलं. त्या बटणावर गेममधल्या त्याच्या खंजीरवाल्याचा वार होता — सावलीतून सरकत प्राण्याच्या पाठीमागे जायचं, थांबायचं, आणखी थोडं थांबायचं, आणि नेमक्या वेळी क्यू. जरा चुकलं की वार वाया. हे जमायला दोन वर्षं लागली होती, आणि आपल्याला खरोखर चांगलं येतं असं जे काही थोडं होतं त्यात त्याच्या मते हे पहिलं होतं. अडतिसाव्या वर्षी, व्हाइटफील्डच्या कंपनीत वीस माणसांचं काम बघणाऱ्यानं हे कुणाला सांगायचं? त्यानं सांगितलंही नव्हतं.

जे. पी. नगरातल्या घरात रविवारची जेवणं आटोपली होती. चार वाजता रेड होती. म्हणजे आठ जणांनी आपापल्या घरून गेममध्ये जमायचं आणि एकट्यादुकट्याला न पडणारा अवाढव्य प्राणी मिळून पाडायचा. म्होरक्या मंजुनाथ आनेकलच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये असतो, त्याच्या सोयीनं रविवारी चार ही वेळ ठरलेली. कोण कोणत्या क्लासचं, म्हणजे कोणत्या कामाचं, पात्र घेऊन येणार, हे तो एका तक्त्यात लिहून ठेवतो. या मोसमात वार करणाऱ्यांच्या रकान्यात जागा पाच आणि नावं सात झाली. हीलरच्या, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणाऱ्याच्या, रकान्यात जागा दोन आणि नाव एकच. मंजुनाथनं गटावर विचारलं, कोणी हीलर होईल का, सोपा क्लास आहे, दोन दिवसांत जमतो, आणि जागा पक्की. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत कृष्णातच्या मनात ‘चालतंय की’ उमटलं होतं आणि बोटांनी ‘चलेगा’ लिहून टाकलं होतं.

दोन रविवार तात्पुरते निभावले. आज मात्र मणी घालायचा होता. मोसमाला एकच मणी मिळतो. तो ज्या पात्राच्या गळ्यात पडेल तेच मोठ्या प्राण्यांपुढे टिकतं, आणि घातलेला मणी परत निघत नाही. हीलरला घातला की खंजीरवाला पुढचे सहा महिने घरी. खंजीरवाल्याला घातला तर... तर सातातले पाच निवडताना आपलं नाव राहील का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं त्याला सहन होत नव्हतं.

हीलर सोपा होताच. दोन बटणं. पडद्याच्या डाव्या कडेला आठ हिरव्या पट्ट्या, प्रत्येकाच्या जिवाची एक. जी आखडेल तिच्यावर बोट ठेवायचं, ती भरते. गेल्या रविवारी डोंगराएवढा खेकडा पहिल्याच झटक्यात पडला, सगळे एकदम बोलू लागले, कृष्णात अण्णा होते म्हणून जमलं म्हणाले, आणि त्याचे कान गरम झाले होते, इतकं बरं वाटलं. मग वेदांतनं — हा पुण्याचा, गटातला सगळ्यात बडबड्या — विचारलं, मरताना त्याची पाठ उघडली आणि आतून पांढरी पाखरं उडाली, पाहिलंत का? पाहिलं की, कृष्णात म्हणाला, मस्त होतं. त्यानं काही पाहिलं नव्हतं. पंचवीस मिनिटं त्यानं आठ हिरव्या पट्ट्या पाहिल्या होत्या. खेकड्याला पाय किती हेही त्याला सांगता आलं नसतं.

अशीच पंगतीची पानं दिसायची, त्याला आठवलं. निपाणीला, भावकीतल्या कुठल्याही लग्नात... आमटीची बादली कृष्णातकडे द्या, त्याचं लक्ष असतं. आणि असायचंच माझं लक्ष. कुणाची वाटी अर्धी झाली, कुणाचा भात कोरडा राहिला, कोण नको म्हणतंय पण हात आडवा धरत नाहीये. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते. चहूकडून आपल्या नावानं हाका येतात, सोळाव्या वर्षी आणखी काय हवं असतं? पण अक्काच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी खाली जेवणाच्या मांडवात होतो, पहिल्या पंगतीच्या पानांवर मीठ वाढत. वर वाजंत्री वाजली आणि मी हातातली मिठाची वाटी घेऊन तसाच पुढच्या पानाकडे सरकलो. अंतरपाट दूर झाल्यावर अनुसूयाअक्का रडली म्हणतात, आणि रडता रडता तिनं मान वळवून कुणाला तरी शोधलं म्हणतात. मला ऐकूनच माहीत आहे. वाईट वाटतं त्याचं... बावीस वर्षं झाली तरी वाटतं.

त्याला कुणी खाली पाठवलं नव्हतं. खाली कोण जातं, असं मामांनी नुसतं विचारलं होतं.

कंपनीतही तसंच. कन्नड येतं, मराठी येतं, हिंदी येतं, म्हणून मुंबईहून आलेल्या पोरांचे घरमालक, कॅबवाले, गॅसवाले सगळे त्याच्याकडे. मशीनवरचं काम सोडून माणसांचं काम बघाल का, असं चार वर्षांपूर्वी विचारलं तेव्हाही उत्तर तेच, तितक्याच लवकर. आपण सगळीकडे हवेसे असतो, हे त्याला कळत होतं. मग ही कसली खुटखुट, हे कळत नव्हतं.

हेमलता चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत उभी राहिली. त्याच्या गेममधलं तिला फारसं कळत नसे, पण मण्याचं तिनं आठवडाभर ऐकलं होतं, आणि हीलरला ती वाढपी म्हणे.

“घातला का मणी?”

“अजून न्हाई.”

“घाला की त्या वाढप्याला. तुम्हाला तेच आवडतंय न्हवं?”

“मी कधी म्हटलं?”

ती कप ठेवता ठेवता थांबली. “‘न्हाई’ म्हटलं न्हाई तुम्ही कधी,” ती म्हणाली, “मला वाटलं, आवडत असंल.” मग बशी सरळ करून ती कपडे काढायला गच्चीवर गेली. तेरा वर्षांच्या संसारात आणखी कशाकशाबद्दल तिला असं वाटलं असेल, या विचारानं तो चहा निवेपर्यंत तसाच बसून राहिला. तिच्यावर रागवायला काही जागाच नव्हती, आणि मंजुनाथवरही नव्हती.

चारला सगळ्यांचे आवाज जोडले गेले. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मंजुनाथनं हजेरी घेतली, वेदांतनं दोनदा हजर म्हटलं, आणि मग मंजुनाथ म्हणाला, “कृष्णात अण्णा, हीलर फिक्स ना? मणी डालो, फिर चालू करते हैं.”

मणी पडद्याच्या मधोमध होता. दोन पात्रं शेजारी उभी — एक पांढऱ्या झग्यातलं, दोन आठवड्यांचं. दुसरं सावलीत, चेहरा अर्धा झाकलेला. कृष्णातनं हिंदीतच विचारलं, जपून, उगाच विचारतोय अशा आवाजात: मी खंजीरवाला आणला तर?

दुसऱ्या हीलरनं खाकरून घेतलं.

“ला सकते हो,” मंजुनाथ शेवटी म्हणाला. “हीलर ढूँढना पड़ेगा फिर. आज का नहीं होगा.” त्याला खरंच नवल वाटलं असावं, कारण पुढचं तो त्याच्या घरच्या भाषेत बोलला. “अण्णा, निमगे यावुदु इष्ट?”

तुम्हाला कोणतं आवडतं... इतकं साधं. कृष्णातचं तोंड सवयीनं उघडलं होतं, आणि तो शब्द, कायम दाराशी तयार उभा असलेला, या वेळी आलाच नाही. चालतंय हे या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. त्यानं जिभेवर दुसरं काही येतंय का पाहिलं. सात माणसं त्याची वाट पाहत होती, काहीही न मागता, आणि त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठंतरी, अगदी थोडं, बरंही वाटलं. माइक चालू होता. गच्चीवरून हेमलताच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अंगठा पुन्हा त्या पुसट शेपटीवर गेला होता. एक मिनिट, तो म्हणाला, सांगतो... आणि पहिल्यांदाच त्याला, काय सांगणार, हे खरोखर माहीत नव्हतं.