फुकटचा आकडा

सत्य विकायचं नसतं, हे धाकटीचं तत्त्व होतं. त्या तत्त्वापायी ती वर्षभर आईच्या हातचं जेवत होती. आत्ता तिनं लॅपटॉप व्यापारी संघाच्या चिटणिसांपुढे सरकवला. वेबसाइटवर किती माणसं येतात हे मोजणारं तिचं सॉफ्टवेअर फुकट होतं. शेजारी थोरलीचा लॅपटॉप. तिची कंपनी हेच काम महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन करायची. संघानं थोरलीचं पसंत केलं, तर धाकटीनं खूळ सोडून ताईच्या हाताखाली नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं.

चाचणी म्हणून दोघींनी आठवडाभर बाबांच्या वेबसाइटवर मोजणी लावली होती. बाबा लाकडी शिड्या बनवत. बैठकही त्यांच्याच कारखान्यात होती, भुसा झटकलेल्या बाकांवर; आईही येऊन बसली होती.

थोरलीच्या पडद्यावर रंगीत आलेख होते, नकाशा होता आणि वर ठळक अक्षरांत चारशे बारा भेटी. बाबांची मान ताठ झाली. धाकटीच्या पडद्यावर नुसताच आकडा होता: एक.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पुढची शून्यं राहिली का गं?"

"नाही. घरच्यांच्या भेटी मी धरत नाही. आपले फोन वगळलेत."

"म्हणजे मी माणसात नाही?"

"माणसात आहात, बाबा. गिऱ्हाइकात नाही."

मग एकेक बाहेर आलं. बाबा चहाच्या आधी आणि चहानंतर स्वतःचं पान उघडून बघत. आई दुपारी मावशीला दाखवी आणि मावशी विसरली की पुन्हा दाखवी. थोरलीनं शांतपणे सांगितलं, की तिची कंपनी भेट कुणाची हे विचारत नाही. आकडा मोठा दिसला की माणसाला हुरूप येतो, आणि लोक पैसे हुरुपाचेच देतात.

चिटणिसांनी धाकटीला विचारलं, हा एक कोण.

"नाव कळत नाही, मी ठेवतच नाही. मंगळवारी दुपारी आले. घडीची शिडी बराच वेळ पाहिली, किंमत पाहिली आणि गेले."

चिटणिसांनी बाकावरचा नसलेला भुसा झटकला.

"महाग वाटली मला," ते म्हणाले.

बाबा छताकडे पाहू लागले. थोरलीनं आधी आपला लॅपटॉप मिटला आणि मग चिटणिसांकडे वळली.

"एकटीनं लिहिलंय तिनं हे. आमच्याकडे अख्खा मजला लागतो."

असं ती धाकटीला कधी म्हणाली नव्हती. आताही धाकटीकडे न बघताच म्हणाली. आईनं मात्र दोघींकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

त्याच संध्याकाळी संघानं आपल्या सगळ्या सभासदांसाठी धाकटीचं सॉफ्टवेअर एकमतानं मंजूर केलं. सभासदांपैकी वेबसाइट फक्त बाबांची होती.