तानाबाईच्या हिशोबाचे हजार

अमेरिकेहून लेकाचा, अमरसिंहचा फोन आला तेव्हा सयाजी गोठ्यात वैरण टाकत होता.

"आबा, बारक्या थांबला. खेळ सोडला त्यानं."

"किती झाले?"

"नऊशे सत्त्याण्णव."

सयाजी भाऱ्यावर टेकला. "तीन कमी पडले म्हण की."

"अकरा वर्षांत एवढे हिट म्हंजे वाईट न्हाईत, आबा. होमरन एक्केचाळीस. चुका अठ्ठ्याऐंशी."

"चुकाबी मोजत्यात?"

"एकूणएक मोजत्यात."

बारक्या हे नाव तानाबाईनं ठेवलेलं. त्याचं खरं नाव डॅरिल ओकासिओ. क्रांतीच्या, म्हणजे सुनेच्या बाळंतपणाला तानाबाई अमेरिकेला गेली होती, तेव्हा लेकानं तिला एकदा बेसबॉल बघायला नेलं. बाकीचे खेळाडू रेड्यासारखे आडदांड, त्यात हा एक चिपाड. दुसऱ्या बेसजवळ उभा राहायचा. चेंडू आला की आडवा पडून अडवायचा, उठून फेकायचा, पँट झटकून परत जागेवर. टाळ्या मात्र लांब फटका मारणाऱ्याला. "ह्यो सुनेगत हाय," तानाबाई म्हणाली. "राबायचं ह्यानं आणि नाव दुसऱ्याचं."

गावी मुरगूडला परत आली तरी तिनं त्याला सोडलं नाही. तिकडं रात्रीचा सामना असला की इकडं पहाटे धारा काढायची वेळ. कोनाड्यात मोबाईल उभा करून ती म्हशीखाली बसायची. कॅलेंडरच्या चौकटीत डाव्या कोपऱ्यात दुधाचे लिटर, उजव्या कोपऱ्यात बारक्याच्या रेघा. चेंडू मारून पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर पोचला की एक हिट, हे लेकानं तिला समजावलं होतं; मागचे चारशे बारा हिट तिनं त्याच्याकडून विचारून घेतले होते. पुढचे स्वतः मांडले. आणि नृसिंहवाडीला दत्ताला नवस बोलून बसली, बारक्याचे हजार झाले की पाच किलो पेढे वाटीन.

सयाजी तेव्हा हसला होता. "दत्ताला काय कळतंय बेसबॉलमधलं?"

"तीन तोंडं हाईत त्येला. एक तरी बघत असंल."

यंदा आषाढात तानाबाई गेली. शेवटचे आठ दिवस कोल्हापूरला दवाखान्यात होती. एका दुपारी ती म्हणाली, "वाडीचं ऱ्हायलंय." सयाजीनं तिचा हात धरला. अमरनं सांगितलेला आकडा त्याच्या ध्यानात होता. "अजून चौदा हाईत की. हजार होऊ देत, मी जातो." तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

त्यानंतर सयाजी रोज लेकाला फोन करून विचारायचा. चौदातले अकरा आले. आता बारक्याच थांबला.

शेजारची धोंडुबाई ताक न्यायला आली, तिला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "काम झालं न्हाई तर नवस कसला, भावजी? सुटलासा तुमी."

बोलणं खोटं नव्हतं. पण तानाबाईसाठी करण्यासारखं त्याच्याकडं तेवढं एकच काम उरलं होतं. त्यातून सुटून तो करणार काय?

दुपारी त्यानं खिळ्यावरची सगळी कॅलेंडरं उतरवली. दरवर्षी नवं कॅलेंडर जुन्यावरच अडकवायची तिची पद्धत. अमरच्या आकड्यात तीन कमी आहेत, इथं एखादी रेघ जास्त असेल, असं त्याच्या मनात आलं. मागचे चारशे बारा धरून पुढं दहा रेघांना एक चिंचोका, असा तो मोजत बसला. चिंचोके वाढत गेले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्येच हजार भरले.

तो चुकला असणार. त्यानं पुन्हा मोजलं. त्याच चौकटीवर आला. मग त्याला दिसलं, त्या चौकटीत कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

तिकडं रात्र होती, तरी त्यानं फोन करून लेकाला उठवलं आणि ती तारीख सांगितली.

अमरनं बघून सांगितलं, "त्या दिवशी एकबी हिट न्हाई, आबा. वॉक दोन हाईत. चेंडू वाईट पडले की बॅटवाल्याला चालत पहिल्या बेसवर जाऊ देत्यात. ते हिटात धरत न्हाईत." मग त्याला आठवलं. "आईनं धरलं असणार. मी तिला सांगितलेलं. तर म्हणली, पोचला न्हवं पहिल्यावर? मारून पोचला काय आणि गप उभा ऱ्हाऊन पोचला काय."

सयाजीनं फोन ठेवला. तो ऑगस्ट त्याला आठवला. सकाळी दुधाची किटली हातात घेऊन ती दारात उभी होती. "वाडीला जाऊन येऊया?" आणि तो म्हणाला होता, "म्हस आज-उद्या व्यायला झालीया. आत्ता कसली वाडी? तुला काय कळतंय का?"

"बरं," ती म्हणाली आणि किटली घेऊन डेअरीला गेली. का जायचंय, हे त्यानं विचारलं नाही.

पुढच्या चौकटीत तिच्या अक्षरात होतं, म्हस व्याली. त्यापुढं रोजचे लिटर, रोजच्या रेघा. बारक्याच्या अठ्ठ्याऐंशी चुका कुठंच नव्हत्या. सयाजीचीही नव्हती.

आणि दवाखान्यात आपण तिला काय सांगितलं? अजून चौदा हाईत.

चिंचोके तसेच पसरलेले राहिले. धारेची वेळ झाली तेव्हा म्हशीनं ओरडून त्याला उठवलं.

सकाळी तो धुतलेला सदरा घालून निघाला. धोंडुबाईला संध्याकाळची धार काढायला सांगितली.

"कुठं निघालासा?"

"वाडीला. नवस फेडतो."

"तीन कमी हाईत म्हणलासा न्हवं?"

"ते अमेरिकेच्या हिशोबानं."

वाडीत त्यानं पाच किलो पेढे घेतले. दत्तापुढं ठेवून हात जोडले तेव्हा त्याला एवढंच म्हणता आलं, की दोन वर्षं झाली पुरं होऊन, उशीर माझ्यामुळं झाला, तिच्याकडं धरू नको. मग नदीच्या पायऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर तो पेढा ठेवत बसला.

एका म्हातारीनं विचारलं, "नातू झाला व्हय, पावणं?"

"न्हाई. एकजण हजार वेळा पहिल्यावर पोचला."

"तुमचा कोण त्यो?"

"आमच्या कारभारणीचा होता," सयाजी म्हणाला आणि तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.