बाबांच्या बंदुकीचा नवा दस्ता

सख्ख्या भावाकडून बंदूक घेताना कुणी साक्षीदार बोलावतं का? मी तरी नाही बोलावला. आमच्या दर्रा बाजारात रिवाज आहे, की दुरुस्तीला आलेली जुनी बंदूक शेजारच्या दुकानदारासमोर उघडायची, आतलं लोखंड त्याला दाखवायचं आणि मगच ताब्यात घ्यायची. अख्खा बाजार बंदुकांच्या नकला करून पोट भरतो. अस्सल दिली आणि नक्कल परत मिळाली, अशी बोंब इथे रोज उठते. पण शाहपसंद लाला माझा थोरला भाऊ. त्याच्यासमोर शेजाऱ्याला हाक मारायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं.

"मेवा, बाबांची बंदूक आणलीय," तो म्हणाला. "लाकडी दस्ता पार चिरला होता, मी काढून चुलीत घातला. जिरग्याच्या पंचांपुढे असली लंगडी बंदूक ठेवायची का? बसव चांगला नवा."

"चुलीत घातलास? अरे, माप तरी ठेवायचं होतंस!"

"तुला कशाला माप लागतंय? उगाच भाव खाऊ नकोस."

खूश झालो मी. गाढव कुठला!

ती बंदूक इंग्रजांच्या पलटणीतली. बाबांनी ती कशी मिळवली ते विचारू नका, पण सगळ्या खोऱ्यात तिचं नाव होतं. ती पंचांच्या ताब्यात द्यायची होती, माझ्या पोरासाठी, जांदादसाठी. पाटाच्या पाण्यावरून लाला सदबर खानाच्या घराशी भांडला, गोळी लालाने झाडली, सदबरचा भाऊ मेला. आणि बदला कुणावर? घरातल्या सगळ्यात उमद्या पोरावर. लालाचा पोरगा इनाम तोवर दुबईला पोचला होता. राहिला माझा जांदाद. तेव्हापासून पोराने उंबरा ओलांडला नव्हता. जुम्म्याचा नमाजसुद्धा घरातच. बाविशीचा गडी, दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचा, आईवर खेकसायचा आणि मग तिच्याच पायाशी बसून रडायचा. आता मोठ्या मिनतवारीने सदबर तहाला तयार झाला होता. दोन्ही घरांच्या मध्ये पंच दगड ठेवणार, आणि दगड आहे तोवर कुणी कुणावर बंदूक रोखायची नाही. आमच्या शब्दाला तारण म्हणून बाबांची बंदूक.

मग मी हात आखडता कशाला घेऊ? तिराहच्या अक्रोडाची एक फळी मी वर्षानुवर्षं माळ्यावर सुकवत ठेवली होती. मोठमोठ्या खानांनी मागितली तरी दिली नव्हती. ती काढली. दस्ता नुसता देखणा असून भागत नाही. गोळी सुटली की लोखंड मागे धडक मारतं, ती धडक लाकडाच्या दोन्ही खांद्यांनी सारखी झेलायला हवी. एकाच खांद्यावर भार आला की लाकूड फुटलंच म्हणून समजा. म्हणून लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात बसवायचं, उचलायचं. जिथे काळं लागेल तिथे पटाशीने नखाएवढं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसव, पुन्हा उचल. मान मोडून येते, पण मला त्यात मजा येते. जांदाद रस्त्यावरून ताठ चालत येतोय, असं सारखं डोळ्यांसमोर यायचं आणि मी आपला गुणगुणत खरवडत बसायचो.

दोन्ही खांदे बसले त्या दुपारी मी काजळी पुसायला घेतली. लोखंडाच्या पोटाला, लाकडाखाली जो भाग कायमचा झाकला जातो तिथे, फडकं अडकलं. उजेडात धरून पाहिलं तर कानशीचे ओरखडे. वर शिक्के, नंबर, सगळं जिथल्या तिथे, आणि खाली हाताने घासलेलं लोखंड. पलटणीच्या कारखान्यात यंत्रावर कापलेलं लोखंड असं नसतं. ही कानस आमच्याच गल्लीतली होती.

आतापर्यंत मी लाकूड बघत होतो, लोखंड बघायचं सुचलंच नाही. भावाने दिलेलं कोण तपासतं हो?

तसाच लालाच्या घरी गेलो. तो चहा पीत बसला होता.

"बाबांची बंदूक कुठाय?"

"तुझ्याकडे दिलीय ना."

"लाला, मी लाकडाचं काम करतो, म्हणून माझं डोकंही लाकडाचं समजू नकोस."

त्याने पेला खाली ठेवला. दाढी कुरवाळत सगळं सांगून टाकलं. अस्सल बंदूक केव्हाच विकली होती. लाहोरच्या एका शौकिनाला. त्याच पैशांवर इनाम दुबईला गेला. आणि आम्हाला काय सांगितलं होतं? वहिनीच्या बांगड्या मोडल्या म्हणून! माझ्या बायकोने वहिनीच्या गळ्यात पडून अश्रू गाळले होते त्या बांगड्यांसाठी.

"तुझा पोरगा वाचवलास," मी ओरडलो, "आणि माझ्या पोराच्या जिवाला हे भंगार तारण? उद्या सदबरला कळलं तर दगड उचलेल तो! भर बाजारात मारतील जांदादला!"

"कळणार कसं? तू दस्ता असा बसवलायस की पंच नुसते लाकूड बघत बसतील."

"मी नाही खोटं ठेवणार. तू उद्या जिरग्यात स्वतः उभा राहा आणि खरं सांग. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. तारण म्हणून माझं दुकान देऊ."

तो रडायला लागला. माझे हात धरले, कपाळाला लावले. "मीच बोलतो उद्या. बाबांची शपथ. तू आधी तोंड उघडू नकोस, एवढी लाज राख माझी."

मी कबूल झालो. थोरला भाऊ रडताना बघवत नाही.

सकाळी मशिदीपुढे जिरगा बसला. समोर सदबर आपली माणसं घेऊन. मधोमध बंदूक. मलिक खैस्तामीर, पंचांतले सगळ्यात वडील, त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला आणि वा म्हणाले. लाला उठला. शब्द पाळला त्याने, तोच बोलला.

"मलिकसाहेब, ही बंदूक खोटी आहे. मी अस्सल दिली होती. सगळा आठवडा ती या मेवाच्या दुकानात होती. काल बघायला गेलो तेव्हा मला कळलं. माझाच भाऊ, काय बोलू?"

आणि त्याने कुराणावर हात ठेवला.

मला ऐकूच येईना. लोक काहीतरी ओरडत होते. मलिक मला विचारत होते, "ताब्यात घेताना साक्षीला कोण होतं?" कोण असणार? जुना दस्ता चुलीत गेलेला. नवा माझ्या हातचा, माझ्या लाकडाचा. दस्ता का बदलायचा होता ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं: खोटं उघडं पडलंच तर बोट माझ्याकडे जावं म्हणून. चूल, लंगडी बंदूक, उगाच भाव खाऊ नकोस... आठवडाभर मी गुणगुणत स्वतःच्याच गळ्याचा फास तासत होतो.

"तूही शपथ घेतोस का, मेवा?" मलिक म्हणाले. "मग दोघांपैकी एक खोटा, आणि कोण ते आम्हाला ठरवता येणार नाही. ज्या घराचं आपापसात पटत नाही त्या घराशी तह कसला? उठतो आम्ही. गुन्हेगाराने कबूल केलं, तर त्याचं दुकान तारण घेऊ आणि दगड ठेवू."

सदबरची माणसं उठायला लागली होती. एकाने चपला पायात घातल्यासुद्धा. मी लालाकडे पाहिलं. तो खाली बघत होता, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं मी काय करणार ते. लहानपणापासून ओळखतो ना मला!

"होय," मी म्हणालो. "मीच बदलली."

कुणीतरी माझ्या अंगावर थुंकलं. दगड ठेवला गेला.

दुकानाला पंचांचं कुलूप लागलं. खरं तर कुलपाची गरज नव्हती, माझ्या हातात आता कोण बंदूक देणार? त्या संध्याकाळी जांदादने उंबरा ओलांडला. आईने त्याला नवी पगडी बांधली होती. मी भिंतीला टेकून तो वळणापर्यंत जाताना बघत राहिलो. बाजारातून तो लवकरच परतला, तोंड उतरलेलं. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, लोक म्हणतात तुम्ही आजोबांची बंदूक विकलीत. माझ्या तहाची बंदूक. खरं आहे?"

खरं सांगितलं असतं तर पोरगा तिथूनच लालाच्या दाराशी गेला असता. घरातल्या घरात रक्त सांडलं असतं, आणि त्याला कुठल्या पंचांनी दगड ठेवला असता?

"खरं आहे," मी म्हणालो.

त्याने पगडी काढून माझ्या पुढ्यात टाकली. आता तो रोज बाजारात जातो, नमाजाला जातो, शाहपसंद लालाच्या शेजारी बसतो. माझ्याशी बोलत नाही.