अळणी घरातलं मीठ

पितांबर मास्तर भित्रा माणूस होता, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. विंचू, शाळा तपासायला येणारा साहेब, विहिरीचा काठ, कोर्टाचा शिपाई, अशा अनेकांना तो भ्यायचा, आणि या सगळ्यांच्या वर नंबर त्याच्या आईचा, भिकुबाईचा. दोंडाईच्याच्या शाळेत मात्र त्याचा वाघ व्हायचा, कारण शाळेत सूक्ष्मदर्शक होता. जुना, पितळी, एका बाजूचा स्क्रू ढिला झालेला. पुण्याला इंटर नापास होऊन परतलेल्या पितांबरला जगातलं जे एक यंत्र धडपणे चालवता यायचं ते हे. दरवर्षी तो कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवायचा, वर्गाला ओळीने बघायला लावायचा आणि म्हणायचा, "या विटांसारख्या दिसतात ना, त्या पेशी. कांदा, गाय, तुम्ही, मी, सगळे यांचेच बनलेले." मग कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. पेशीच्या आतला जीव आक्रसून मधोमध गोळा व्हायचा. "मीठ पाणी ओढून घेतं, आणि पाणी गेलं की पेशी मेली," असं सांगून तो पुढच्या बाकाकडे वळायचा.

सुट्टी लागली तसा त्याने सूक्ष्मदर्शक धोतराच्या फडक्यात बांधून गावी आणला. शाळेच्या कपाटाला वाळवी लागली होती हे खरं, पण त्याला त्या यंत्राशिवाय करमायचं नाही हेही खरं. आणि त्याच उन्हाळ्यात नाल्यापलीकडे पटकी, म्हणजे कॉलरा, आली.

पहिल्यांदा पलीकडच्या वस्तीतली दोन माणसं गेली. मग अलीकडचं एक गेलं. सरकारी माणसाने विहिरीत जांभळं औषध टाकलं, तेव्हा बायकांनी त्या विहिरीकडे पाठ फिरवली आणि नाल्याच्या डबक्यावर घागरी भरायला सुरुवात केली. पितांबरने एकदा विरोध करून पाहिला. बायकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घरी येऊन गप्प बसला. तिसऱ्या दिवशी गावचे जाणते चुडामण आबा पटकीच्या देवीच्या, मरीमायच्या, ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी गावाच्या वतीने नवस बोलला. मरीमाय शांत होईपर्यंत सगळी आळी अळणी राहणार. भाकर अळणी, वरण अळणी, घरात मिठाचा खडा नाही. आणि जे घर नवस मोडेल, त्या घरातलं एक माणूस मरीमाय घेऊन जाईल.

भिकुबाईने त्याच दिवशी मिठाचं मडकं नाल्याकाठी पालथं केलं. लोणच्याची बरणीसुद्धा ठेवली नाही. पितांबरला आनंदच झाला. आयुष्यात पहिल्यांदा आईचं आणि विज्ञानाचं एकमत झालं होतं! मीठ पेशीला मारतं, हे तो स्वतः वर्षानुवर्षं दाखवत आला होता. त्याने अळणी वरण मिटक्या मारत खाल्लं. त्याची बायको शेवंता त्याच्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शेवंताला जुलाब सुरू झाले.

सकाळ वर येईतो ती ओळखू येईना. डोळे आत गेले. बोटं धुण्याला बसलेल्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतली. पोटऱ्यांत गोळे यायचे, तेव्हा ती ओरडायची, आणि ओरडायलाही तिचा आवाज उरला नव्हता. पितांबरने दोंडाईच्याला माणूस पाठवला. माणूस धापा टाकत परत आला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, उद्यापर्यंत येतील, शिरेतून द्यायचं औषधाचं पाणीही संपलेलं होतं.

उद्या. उद्यापर्यंत शेवंता टिकणार नाही, हे त्याला समोर दिसत होतं.

"पाणी," शेवंता म्हणाली.

भिकुबाईने त्याचा हात धरला. "पानी देऊ नको, दादा. पोटमा जास आनि तेच बाहेर येस. पानीवरच वाढस पटकी."

असंच सगळे म्हणायचे. पटकीच्या माणसाला पाणी तोडायचं. पितांबरने मान डोलावली आणि आई गोठ्यात गेली की शेवंताच्या तोंडाला तांब्या लावला. विज्ञान त्याच्या बाजूने होतं. पाणी गेलेल्या पेशीला पाणी द्यायचं, साधं, स्वच्छ, उकळून थंड केलेलं, मिठाचा कण नसलेलं. तो चोरून पाजत राहिला. ती प्यायची, ओकायची, पुन्हा मागायची. उन्हं तापली तशी ती मागेनाशी झाली. आता ती भलतंच बोलायला लागली, आणि तिच्या पायांतले गोळे पोटापर्यंत चढले.

पितांबर अंगणात येऊन उभा राहिला. कोपऱ्यात जाळायला टाकलेल्या तिच्या लुगड्याच्या चिंध्या उन्हात वाळून कडक झाल्या होत्या. त्याची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच राहिली. कापडाच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. शेतातून आलेल्या माणसाच्या सदऱ्यावर घाम वाळला की उमटते तशी.

मीठ! तिच्या अंगातून नुसतं पाणी जात नव्हतं. मीठही जात होतं, आणि तो वरून नुसतं पाणी ओतत होता.

मग त्याला पुणं आठवलं. ज्या धड्यात तो नापास झाला, तोच धडा. कांद्याच्या पेशीला भिंत असते. साध्या पाण्यात ती फुगते, भिंतीला टेकते आणि थांबते. माणसाच्या पेशीला भिंत नसते, नुसती पातळ कातडी असते. इतकी वर्षं त्याने पोरांना कांदा दाखवून माणूस शिकवला होता, आणि आज सकाळपासून बायकोला कांदा समजून पाणी पाजलं होतं. हे कळलं तेव्हा त्याला अंगणातच कोरडी ओकारी आली.

पण मीठ किती? जास्त झालं तर उरलंसुरलं पाणीही ओढून घेईल. कमी झालं तर उपयोग नाही. पुस्तकात आकडा होता, पण परीक्षेतही त्याला तो आठवला नव्हता. आणि मुळात मीठ आणायचं कुठून? आळी अळणी होती. वाण्याने दुकानातली मिठाची गोण नवसाच्या दिवशीच मागच्या खोलीत टाकली होती. त्याच्याकडे मागायला जाणं म्हणजे चुडामण आबांच्या कानावर जाणं. मागितलं, मिळालं, दिलं आणि शेवंता गेली, तर? मास्तराने नवस मोडून बायको मारली, असं गाव जन्मभर म्हणेल. आणि मरीमाय खरंच असली तर? पितांबर विज्ञान शिकवायचा, तरी मरीमायच्या ओट्यावरून जाताना त्याची चप्पल आपोआप हातात यायची. आताही त्याच्या मनात तिचा तो शेंदरी चेहरा उभा राहिला.

गोठ्यात बैलाने मान हलवली आणि घंटा वाजली. पितांबर वळला. बैलांसमोर दोरीने टांगलेला मिठाचा दगड होता. दिवसरात्र चाटून चाटून गुळगुळीत झालेला. नवस माणसांचा होता. बैलांचं मीठ कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने दगड सोडला. बैल त्याच्याकडे बघत राहिले. त्याने दगडाचा वरचा थर खरवडून टाकला, आतला कपचा फोडून उकळत्या पाण्यात विरघळवला आणि अंगणातल्या उन्हात सूक्ष्मदर्शक मांडला. आई चुडामण आबांकडे अंगारा आणायला गेली होती. ती कधीही परतली असती. त्याने सुई बोटात खुपसली. पहिला थेंब काचेबाहेर पडला.

आधी साध्या पाण्यात. भिंगाखाली त्याच्या रक्ताच्या पेशी क्षणभर गोल दिसल्या, फुगल्या आणि एकेक करून नाहीशा झाल्या. मागे फिकट, रिकामं पाणी राहिलं. पितांबरने भिंगावरून डोळा काढला. आत शेवंता कण्हत होती. सकाळपासून तिच्या आत काय चाललं असेल, ते त्याने आत्ता पाहिलं होतं आणि त्याला ते पाहावत नव्हतं.

मग मिठाच्या पाण्यात. पेशी आक्रसल्या, गोखरूसारख्या काटेरी झाल्या. फार खारट. त्याने पाणी घातलं, पुन्हा बोट टोचलं. कमी काटे. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. एका हाताची बोटं संपली, तशी त्याने दुसऱ्या हाताची धरली. शेवटी भिंगाखाली त्या आल्या, मध्ये जरा दबलेल्या, गोल, शांत. त्या फुगेनात आणि आक्रसेनात. तो श्वास रोखून बघत राहिला. त्या तशाच राहिल्या.

"हेच," तो स्वतःशी म्हणाला आणि मग त्याला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता.

ते पाणी त्याने ज्वारीच्या पातळ पेजेत मिसळलं. गूळ घातला तो एवढ्यासाठी, की तिने ते थुंकून टाकू नये. चमच्याने पाजायला लागला. पहिले चमचे तिने ओकले. तो थांबला, पुन्हा पाजलं. प्रत्येक चमच्याला त्याला वाटायचं, हाच तिला मारणार. हात मागे यायचा आणि तो हाताला शिवी देऊन पुन्हा पुढे न्यायचा. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. शेवंताचं ओकणं थांबलं. पोटऱ्या सैल पडल्या. दिवेलागणीला तिने डोळे उघडले आणि त्याला ओळखलं.

"बोटांना काय झालं?" तिने विचारलं.

तेव्हाच भिकुबाई अंगाऱ्याची पुडी घेऊन दारात उभी असल्याचं त्याला दिसलं. तिने वाटी उचलली, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय दिधं तू तिले?"

खोटं बोलायला पितांबरची जीभ वळली नाही. "मीठ, माय. बैलंसनं."

तो मार खायच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिला. पण भिकुबाईने शेवंताच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग ती उठून मागच्या दाराने बाहेर गेली.

डॉक्टरांचा अजून पत्ता नव्हता, पण सकाळपर्यंत शेवंता उशीला टेकून बसायला लागली. वाटी दोन्ही हातांनी धरून स्वतः पिऊ लागली. पितांबर आनंदाने नुसता येरझाऱ्या घालत होता. आई मात्र समोर येत नव्हती. ती गोठ्यामागे जायची, यायची, पुन्हा जायची. रागावली आहे, असं त्याने धरलं, आणि नेहमीप्रमाणे तिच्या वाटेतून बाजूला राहिला. शेवटी शेवंताच म्हणाली, "जरा जाऊन बघा. आत्याबाईंचं मला काही बरं दिसत नाही."

भिकुबाई गोठ्याच्या भिंतीला धरून बसली होती. डोळे आत गेलेले. बोटं सुरकुतलेली. पितांबरने तिचा हात धरला, तो गार होता.

"कवयपासून, माय?"

"कालदिनपासून." ती हसायचा प्रयत्न करत होती. "घाबरू नको. मी मरीमायले सांगेल शे. नवस आम्हनाच घरमा मोडना, आनि एक मानूस तुले जोयजे. मंग माले ली जाय. सून मन्ही वाचनी ना, बस."

त्याने तिला उचललं. इतकी हलकी असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शेवंताच्या शेजारी दुसरी गोधडी टाकून त्याने तिला निजवलं आणि खारी पेज वाटीत घेऊन तिच्या तोंडाशी धरली. भिकुबाईने दात घट्ट मिटले. तो विनवण्या करू लागला, पेशी, भिंत, रक्त, सगळं एका दमात सांगू लागला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला मरणाचं भय नव्हतं. आपण ते पाणी प्यालो आणि मरीमायने आपल्याऐवजी पुन्हा शेवंताला धरलं तर, हे भय होतं. आणि त्या भयापुढे पितांबरचं सगळं विज्ञान खुंटलं. आई डोळ्यांदेखत जाणार होती आणि मीठ त्याच्या हातात होतं.

शेजारच्या गोधडीवर काहीतरी वाजलं. शेवंताने आपली वाटी जमिनीवर ठेवून दूर लोटली होती.

"आत्याबाई पितीन," ती म्हणाली, "तवय मी पिसू."

भिकुबाईने मान वळवली. "येडी शे का तू? आत्ते कुठे बसाले लागनी. पे ते."

"नहीं."

"पे म्हनस ना!"

शेवंताने ओठ मिटून घेतले. तिचे ओठ अजून फुटलेले होते, पण वाटीकडे तिने बघितलंही नाही. पितांबर एकीकडून दुसरीकडे बघत होता. आत्ता आपण बोललो तर सगळं बिघडेल, या भीतीने त्याने वाटी तेवढी पुढे धरून ठेवली होती. बाहेर कुणीतरी मरीमायच्या ओट्यावर नारळ फोडला.

भिकुबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने कोपरावर जोर देऊन मुलाच्या हातातली वाटी स्वतः ओढून घेतली, डोळे गच्च मिटले आणि घोटाघोटाने प्यायली. दर घोटाला तिचं सगळं अंग शहारत होतं.

वाटी रिकामी झाल्यावर तिने दोन्ही हात जोडले. ओठांवर मीठ तसंच होतं.

"मरीमाय वं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पिनी मी. मन्हावर रागे भर. या पोरीवर नको."

शेवंताने हात लांब करून आपली वाटी जवळ ओढली आणि प्यायला सुरुवात केली.