न्यूट्रलची वायर

माझ्या धाकट्या दिराला कुठलंही काम सांगा, तो म्हणणार, "दोन मिनिटांचं आहे, वहिनी." नळ गळतोय? दोन मिनिटं. शटर अडकलंय? दोन मिनिटं. बायको रुसून माहेरी गेली तेव्हाही दोन मिनिटांत समजूत काढून आणतो म्हणाला होता. त्याला आता सहा वर्षं झाली. बाजारात त्याला दोनमिनिट्या म्हणतात आणि हा गाढव ते मानाचं समजतो. मी या घरात आले तेव्हा हा चड्डीत फिरायचा. नाक पुसायला मी शिकवलं, वायर सोलायला आमच्या ह्यांनी. नाकाचं तेवढं जमलं.

हे गेल्यापासून गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप मी चालवते. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण वायरीला अक्षर नसतं, रंग असतो, आणि तो मला वाचता येतो.

दाताच्या डॉक्टरांना गाडीत रिमोट स्टार्टर हवा होता. दवाखान्याच्या खिडकीतून बटण दाबायचं, गाडी आपली आपण सुरू, एसी चालू, आणि साहेब खाली येऊन गार सीटवर बसणार. असतात एकेकाचे लाड. पण गाडी होती हाताने गिअर टाकायची. अशा गाडीत हा रिमोटचा डबा बसवताना एका बारीक वायरीवर सगळा खेळ असतो. काळी, पांढऱ्या रेघेची. गिअरच्या दांड्याखाली छोटा स्विच बसवून ती त्याला जोडायची. मग गाडी न्यूट्रलला असली तरच डबा स्टार्टरला करंट देतो, नाहीतर गप्प बसतो. त्यासाठी दोन सीटांमधलं सगळं प्लास्टिक उघडावं लागतं, तासभर कंबर मोडते. कामचुकार माणूस काय करतो, ती वायर डॅशखालीच बॉडीला स्क्रूने आवळतो. मग डब्याला वाटतं, गाडी जन्मभर न्यूट्रललाच आहे.

डॉक्टरांनी बटण दाबलं तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. तिने उडी मारली आणि फाटक उघडायला निघालेल्या कंपाउंडरला भिंतीशी चेपलं. पाय दोन ठिकाणी मोडला.

त्या गाडीत दोघांनी हात घातला होता, माझ्या थोरल्या मुलाने आणि दिराने. बातमी आली तसा दीर चप्पल न घालता पळाला आणि कुणी डोकावून बघायच्या आत डबा वायरींसकट उपटून घेऊन आला. म्हणे, "धोका नको." मग डॉक्टरांना, कंपाउंडरच्या घरी, पंक्चरवाल्याला, स्पेअर पार्टवाल्याला, दारोदार एकच टेप: "पोराची चूक झाली. लहान आहे, सांभाळून घ्या."

लहान! तीस वर्षांचा घोडा, दोन लेकरांचा बाप.

थोरला भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो बापावर गेलाय. आधी स्वतःला आरोपी करतो, मग विचार करतो. म्हणाला, "आई, मीच आवळली असेन गं. नीट आठवत नाही." आणि घरी बसला. दोन महिने. घरातला गेलेला बल्बसुद्धा सून स्टुलावर चढून बदलायची आणि हा खाली उभा राहून स्टूल धरायचा. ज्या पोराने डोळे मिटून अख्खी गाडी जोडावी, त्याच्या हाताला घाम सुटायचा. ते पाहिलं आणि मी ठरवलं, या दोनमिनिट्याला पुरता तास देते.

एका सकाळी गोड आवाजात म्हटलं, "भावजी, माझ्या जुन्या गाडीत बसवता का तो डबा? उन्हात सीट तापते, माझ्याने बसवत नाही."

"तुम्हाला रिमोट, वहिनी?" तो खिदळला. "टीव्हीचा चालवता येत नाही तुम्हाला!"

"तुम्ही आहात ना शिकवायला."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्याला शिडी लागत नाही. लगेच कामाला लागला. मी समोर स्टुलावर मटार सोलत बसले. त्याने बॅटरीची जाड वायर घेतली, चावीमागच्या वायरी जोडल्या, ब्रेकची जोडली. मग हातात ती आली. काळी, पांढऱ्या रेघेची. त्याने गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी शेंगेत किडा शोधत होते. खिशातून स्क्रू निघाला आणि डॅशखाली बॉडीला आवळला गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगीच नाही.

न्यूट्रलला ठेवून त्याने गाडी सुरू करून दाखवली, बंद केली आणि मागे हात धुवायला गेला. तेवढ्यात मी बॉनेट उघडलं, स्टार्टरची छोटी वायर ओढून काढली आणि बॉनेट लावून पुन्हा मटारावर येऊन बसले. मी माणूस मारणारी बाई नाही. पण हे त्याला माहीत असायची गरज नव्हती.

चारला मी चहाला बोलावलेली मंडळी आली. डॉक्टर आले, त्यांच्या मागून काठी टेकत कंपाउंडर. थोरल्याला मी शपथ घालून आणलं होतं. तो दाराशीच उभा राहिला, पाहुण्यासारखा.

दिराचा चेहरा जरा उतरला. "हे सगळे कशाला, वहिनी?"

"तुमचं काम बघायला. लोकांचा विश्वास उडालाय, तो परत नको बसायला?" मी गाडीत बसले, सगळ्यांना दिसेल असा पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि उतरून दार लावलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, मध्ये चार हात जागा. "जा भावजी, तिथे उभे राहा. भिंतीला पाठ लावून."

"मी?"

"मग काय डॉक्टर? गिअर पडलाय. तुमचं काम चोख असेल तर गाडी हूं का चूं करणार नाही."

तो जाऊन उभा राहिला. चारचौघांत नाही कसं म्हणणार? मी अंगठा बटणावर ठेवला.

"वहिनी, मस्करी पुरे."

"एक," मी म्हटलं.

"अहो, उडी मारेल ती!"

"का मारेल? न्यूट्रलची वायर जोडलीत ना? दोन."

"नाही जोडली! बॉडीला मारलीय! वहिनी, खरंच!"

"आणि डॉक्टरांच्या गाडीत?"

तो डॉक्टरांकडे बघेना, कंपाउंडरकडे तर नाहीच. माझ्या अंगठ्याकडे बघत होता. "तिथेही. मीच मारली होती. घाई होती हो त्यांना... दोन मिनिटांत होत होतं."

मला हवं ते मिळालं होतं. तरी मी बटण दाबलं. त्या दोन महिन्यांचं काहीतरी वसूल व्हायलाच हवं होतं.

डॅशखाली टक् वाजलं, दिवे लुकलुकले. गाडी जागची हलली नाही. हलला तो फक्त दीर. एका उडीत टायरांच्या ढिगावर, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. कुणी हसलं नाही. कंपाउंडरने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि खाली बघत राहिला.

थोरला दारातून आत आला. फळीवरचा टेस्टर उचलला, गाडीचं दार उघडलं आणि डॅशखाली आडवा झाला. थोड्या वेळाने तो स्क्रू टणकन फरशीवर येऊन पडला. मी तो उचलला आणि टायरांपाशी गेले.

"उतर खाली. आजवर भावजी म्हटलं, ते आज संपलं. वर्कशॉपची चावी त्या टेबलावर ठेव, पुन्हा मागायला येऊ नकोस. उद्यापासून रोज सकाळी या कंपाउंडरना पायाच्या व्यायामाला न्यायचं आणि परत आणायचं, काठी सुटेपर्यंत. आणि जाता-येता ज्या ज्या दारात माझ्या पोराचं नाव घेतलंस, त्या प्रत्येक दारात थांबून तुझं घ्यायचं. हा स्क्रू खिशात ठेव, विचारलं तर दाखवायला. आणि घाई करायची नाही. प्रत्येक दारात मोजून दोन मिनिटं."