पलीकडची कडी

कडी बोटभर लांबीची होती आणि तिच्या टोकाशी कुणाच्या तरी ओल्या बोटाचा डाग वाळून राहिला होता. तो तिला दिसायला नको होता. दिसला. आता हात धुतल्याशिवाय सुटका नाही — कडीला अजून बोटही लावलं नव्हतं, तरी.

"दोन खोल्यांत मिळून हे एक बाथरूम," वसतिगृहाच्या बाई सांगत होत्या. "आत गेलं की पलीकडच्या दाराची कडी लावायची, निघताना आठवणीने काढायची. नाहीतर पलीकडची मुलगी ताटकळत बसते. कालच आलीये ती."

आठवणीने म्हणे. ती कडी काढेल, खोलीत येईल, काढली की नाही म्हणून परत जाईल, कडीला हात लागला म्हणून पुन्हा नळ... वीस वेळा, मग चुकलं म्हणून पहिल्यापासून वीस.

"वरच्या मजल्यावर स्वतंत्र बाथरूमची खोली आहे ना, ती घे," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "कुणाची कटकट नको."

कुणाची कटकट कुणाला, हे आईने सांगितलं नाही. तिच्या हात धुण्याकडे कानाडोळा करायचा असं घरात कधी ठरलं नव्हतं, पण सगळे करत होते. फक्त बाबा... बाबांची अंघोळ पहाटेच उरकलेली असे, तरी रोज आठ वाजता ते दारावर दोनदा ठोठावत — "आटप गं, मला उशीर होतोय." भांग पाडून, बूट घालून तयार असलेला माणूस! हे खोटं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे बाबांना; पण त्या दोन ठोक्यांवर नळ बंद व्हायचा. तिच्या स्वतःच्या सांगण्यावरून तो कधीच बंद झाला नव्हता.

स्वतंत्र बाथरूममध्ये कोण ठोठावणार? सकाळी आत जाईन आणि... खालच्या खोल्यांसारखं अख्ख्या मजल्याला मिळून एक बाथरूम घेतलं, तरी तेच. आठ नळ, एक अडला तर दुसरा मोकळा, कुणाचं माझ्यामुळे अडणार? इथे निदान एकीचं तरी अडेल. मी तिच्या शिव्या खाईन. चालेल मला.

"हीच खोली," ती म्हणाली.

आईने मान डोलावली. अर्ज भरायला बाईंबरोबर खाली जाताना ती दारात घुटमळली. "मी हात धुऊन येते," असं लेकीने सांगितल्यावर नेहमीसारखंच म्हणाली, "सावकाश ये."

आई गेल्यावर तिने पलीकडची कडी लावली. नळ सोडला. अकरा, बारा... डाग आता दिसत नव्हता, पण होता. कितवा आकडा? पुन्हा एक, दोन...

दारावर दोनदा ठोठावलं गेलं.

तिचा हात आपसूक नळाकडे गेला. इतकं सोपं होतं तर! छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"कुणी आहे का आत?"

"हो, झालंच माझं. तुला घाई असेल ना?"

"छे गं, मला कसली घाई? हवा तेवढा वेळ घे."

आवाज गोड होता. खरंच चांगली मुलगी असणार. वर्षभर एका शब्दानेही टोकायची नाही. पावलं लांब गेली. खाली एव्हाना आईने अर्जावर याच खोलीपुढे खूण केली असेल.

बोटं नळावरच होती, पण नळ फिरत नव्हता. "आटप गं," तिने बाबांसारखं म्हणून पाहिलं, "मला उशीर होतोय."

पाणी वाहत राहिलं. उशीर कुणालाच होत नव्हता.